फुकटातला पहारेकरी

सूड घ्यायचा तर तो फुकटात घ्यावा, असं धाकटीचं पक्कं मत झालं होतं. त्यापायी दमडी खर्च करायची नाही, आवाज चढवायचा नाही आणि घाई तर अजिबात करायची नाही. शिवणकामातल्या माणसाला घाई परवडतच नाही. एकदा कापड कापलं की कापलं.

धाकटी म्हणजे दोन बहिणींतली धाकटी. केस पिकायला लागले तरी घरात ती धाकटीच. तिच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापायचं लांबरुंद टेबल आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. तयार कपड्यांच्या दुकानातून जी माणसं हात हलवत परत येतात, ती तिच्याकडे यायची. कुणाचा एक खांदा खाली, कुणाच्या पाठीला बाक, कुणी ऑपरेशननंतर एका बाजूने सपाट झालेली, कुणी दिवसभर चाकाच्या खुर्चीत बसलेलं. अशा प्रत्येकाचं अंग तिने टेपने मोजून, ट्रायलवर ट्रायल घेऊन, इथे थोडं सोडून, तिथे थोडं दाबून कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलं होतं. पुढच्या वेळी गिऱ्हाइकाने फोनवर नुसतं "एक कोट हवाय" म्हणायचं, की पॅटर्न, म्हणजे कापायचा कागदी नमुना, छापून निघायचा. पुन्हा कपडे उतरवायला नकोत, आरशासमोर उभं राहायला नको. लोक तिच्या शिलाईइतकेच या सोयीसाठी तिच्याकडे येत.

ते सगळे पॅटर्न गेल्या साली गेले, आणि ते भावोजींनी घालवले.

भावोजी म्हणजे ताईचे यजमान. ते टाइल्सच्या कंपनीत विक्री बघायचे, पण नात्यागोत्यात त्यांचा हुद्दा कॉम्प्युटर-तज्ज्ञाचा होता. तो त्यांना कुणी दिला नव्हता. त्यांनी तो आपण होऊनच घेतला, आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत ते त्या पदावर कायमही झाले. कुणाचा फोन बिघडला, कुणाचा प्रिंटर अडला, की भावोजी खुर्ची ओढून बसत आणि "कुणी हात लावला होता याला?" असं विचारून कामाला सुरुवात करत.

धाकटीने त्यांना साधंच विचारलं होतं, "भावोजी, घरच्या कॉम्प्युटरला फुकटातला एखादा अँटीव्हायरस चालेल ना? कोणता घेऊ?"

"फुकटातले काय कामाचे? फुकट ते पौष्टिक, असं कुणी सांगितलं तुला?" भावोजी हसले. "मी तुला विकतचाच आणून देतो. फुकटात."

रविवारी ते पेनड्राइव्ह घेऊन आले. निळा, चौकोनी, टाइलच्या आकाराचा, कंपनीने गिऱ्हाइकांना भेट दिलेल्यांतला. कुठूनतरी मिळवलेली चोरीची प्रत होती ती. कुलूप फोडून ठेवलेली, म्हणून फुकट. पेनड्राइव्ह आत घालताच कॉम्प्युटरसोबतच आलेला अँटीव्हायरस, म्हणजे मूळचा पहारेकरी, लाल होऊन ओरडायला लागला की यात धोका आहे.

"हा का ओरडतोय?" धाकटीने विचारलं.

"नवा आला की जुन्याला पोटशूळ उठतोच. आधी याला बंद करू. तोवर तुझ्या फायली मी माझ्याकडे काढून ठेवतो, म्हणजे काळजी नको. चहा टाक बरं."

ती चहा टाकायला आत गेली. पहारेकऱ्याला झोपवून चोराला घरात घेतलं, आणि वर त्याला चहा पाजला, असं ती नंतर स्वतःलाच म्हणायची.

मग एका सकाळी एकही पॅटर्न उघडेना. सगळ्या फायलींना कुलपं लागली होती आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी झळकत होती. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. भावोजी आले, त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पहिलं वाक्य बोलले, "काय क्लिक केलंस?"

"मी काही नाही केलं. तुम्ही त्या दिवशी पेनड्राइव्हवरून जे टाकलंत..."

"पेनड्राइव्ह? कुठला पेनड्राइव्ह? मी नेटवरून उतरवलं होतं, कंपनीच्या पानावरून."

"निळा होता. तुम्ही माझ्या फायली त्यावर काढून घेत होतात."

"अगं, तुझा काहीतरी घोटाळा होतोय." त्यांनी ताईकडे पाहिलं. "होता का माझ्याकडे निळा पेनड्राइव्ह?"

ताई खिडकीशी उभी होती. "मला बाई त्यातलं काही कळत नाही," ती म्हणाली.

भावोजींनी कॉम्प्युटर पुसून कोरा करून दिला. त्याबरोबर पुरावाही पुसला गेला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा, आणि त्या गावभर पोचवायला मावशी होतीच. मावशी म्हणजे आईची बहीण, नात्यातलं चालतंबोलतं वर्तमानपत्र. "काहीही दिसलं की दाबते गं ती," हे वाक्य मावशीने घरोघरी पोचवलं. भावोजींनी नावच पाडलं, क्लिकबाई. कुणाकडे जेवायला जमले की दिव्याचं बटण दाबायलासुद्धा ते म्हणत, "थांबा, क्लिकबाईंना नका सांगू, घर उडेल." सगळे हसायचे. धाकटीही हसायची आणि घरी येऊन दातओठ खायची.

नाव पडल्याचं तिने एकवेळ गिळलं असतं. पण मास्तरीणबाई आल्या.

मास्तरीणबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. पाठीला मोठा बाक. त्यांच्या पहिल्या कोटाला किती ट्रायल लागल्या होत्या, हे त्या दोघींनाच माहीत. पहिल्यांदा ब्लाउज उतरवताना त्यांनी दिवा बंद करायला लावला होता आणि धाकटीने खिडकीच्या उजेडात, जवळजवळ बोटांनीच, माप घेतलं होतं. तो कोट घालून त्या चालायला लागल्या तेव्हा बाक कुठे गेला ते कळेना. त्यांना आता नवा कोट हवा होता. धाकटीने मान खाली घालून सांगितलं, माप पुन्हा घ्यावं लागेल.

"परत?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

एवढंच. मग त्या पाठमोऱ्या झाल्या आणि गुंड्या काढायला लागल्या. धाकटीने दिवा बंद केला. नवा कोट वाईट झाला नाही, पण पहिल्यासारखाही झाला नाही. मास्तरीणबाई "छान आहे" म्हणाल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. तशा आणखी काही जणी आल्याच नाहीत. धाकटी त्यांना दोष देत नव्हती. कुणी कितीदा उघडं व्हायचं?

त्या दिवशी तिने मनात गाठ मारली. भावोजींना चार माणसांत, त्यांच्याच खुर्चीत बसून, त्यांच्याच पेनड्राइव्हने तोंडघशी पाडायचं. निळा पेनड्राइव्ह त्यांनी फेकलेला नसणार, हे तिला ठाऊक होतं. भावोजी फुकटात आलेली वस्तू कधीच फेकत नसत.

मग ती वाचायला बसली. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, ही तर ताकाच्या आधी भांडंही फुंकायला लागली. सावधगिरी म्हणून तिने फुकटातले चांगले दोन अँटीव्हायरस एकदम टाकले. एकापेक्षा दोन बरे, असा हिशोब. दोघांनी एकमेकांनाच चोर समजून अशी झोंबाझोंबी केली की कॉम्प्युटरचा बाणसुद्धा हलेना. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे तिला लहानपणापासून पाठ होतं, पण कळलं त्या दिवशी. एक काढला. हळूहळू बाकीचंही उमगत गेलं. फुकटातला घ्यायचा तर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या पानावरूनच घ्यायचा, मधल्या दलालाकडून नाही. टाकताना सोबत चिकटून येणाऱ्या नको त्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे बिनबोलावलेल्या पाहुण्यांच्या, चौकोनांतल्या बरोबरच्या खुणा काढून टाकायच्या. जो उठसूट घाबरवून खिशात हात घालायला लावतो, त्याला दाराबाहेरच ठेवायचं. आणि कॉम्प्युटरसोबत येणारा मूळचा पहारेकरीही बरा असतो, फक्त त्याला कुणी झोपवायचं नाही.

तिच्या रागाने तिला एवढं शिकवलं. पण राग काही कमी झाला नाही. उलट आता त्याला धार आली होती.

आणि मग ताईचा फोन आला.

"अगं, आमच्या कॉम्प्युटरवर सारख्या खिडक्या उघडतायत. लाल काय, पिवळ्या काय. हे म्हणतात, काही नाही, आपोआप जाईल. तू एवढं वाचलंयस ना, एखादा फुकटातला चांगला सांग की. पण यांना सांगू नकोस हं मी विचारलं म्हणून."

धाकटीच्या हातातली सुई थांबली. "सांगून नाही जमायचं. मी येते. रविवारी येऊ? मावशीलाही बोलाव, तिला भेटून बरेच दिवस झाले."

रविवारी ताईच्या बैठकीत सगळे होते. भावोजी वर्तमानपत्राआड, मावशी सोफ्यावर, ताई आतबाहेर करत. भावोजींचा कॉम्प्युटर भिंतीशी, त्यावर झालर लावलेलं कापड. ते ताईने शिवलं होतं, टाके वाकडे होते.

"क्लिकबाई आज आमच्याकडे?" भावोजींनी वर्तमानपत्र खाली केलं. "सांभाळून हं. आमच्या घराचा विमा नाही."

मावशी खुसखुसली. धाकटी खुर्ची ओढून बसली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाली, "कुणी हात लावला होता याला?"

भावोजींचं हसू जरा आखडलं.

त्या कॉम्प्युटरची दशा बघवत नव्हती. एक चोरीचा अँटीव्हायरस, त्याच्यावर दुसरा, शिवाय 'वेग वाढवा' म्हणणारी कुठलीशी भुतं, आणि या सगळ्यांनी मिळून मूळच्या पहारेकऱ्याच्या मुसक्या बांधलेल्या. धाकटीने एकेकाला बाहेर काढलं. मग बनवणाऱ्याच्या पानावरून फुकटातला एकच, साधा, उतरवला. पाहुण्यांच्या खुणा काढल्या. सगळं सगळ्यांदेखत.

"हा फुकटातला आहे?" मावशीने विचारलं.

"फुकटातला. पण चोरीचा नाही."

भावोजी खाकरले. "ठीक आहे, ठीक आहे. झालं ना?"

"कॉम्प्युटर झाला. पेनड्राइव्ह राहिले. घरात असतील ते सगळे आणा, नाहीतर याची लागण त्याला होते."

"जुने आहेत सगळे. चालत नाहीत एकही."

"मग बघायला काय हरकत आहे?" असं म्हणून धाकटीने टेबलाचा खण ओढला. चाव्या, सेल, रबरबँड, कात्री, आणि खाली, टाइलच्या आकाराचा, निळा.

तिने तो उचलून उजेडात धरला. वर्षभर ती या चौकोनी तुकड्याची स्वप्नं बघत होती. "हा होता का भावोजी तुमच्याकडे?" तिने गोड आवाजात विचारलं. "तेव्हा तर म्हणालात कुठला पेनड्राइव्ह."

भावोजींचं वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं. धाकटीने पेनड्राइव्ह घातला आणि तपासणी सुरू केली. क्षणात पडदा लाल झाला. तोच चोरीचा अँटीव्हायरस, त्याच नावाने, आत तसाच बसलेला. मावशी चष्मा पुसत उठून जवळ आली.

"हे काय गं लाल?"

"हे तेच, मावशी, ज्याने माझं काम खाल्लं. मी क्लिक केलं नव्हतं. हे या पेनड्राइव्हवरून आलं होतं."

हेच वाक्य ती वर्षभर घोकत होती. ते बोलून झाल्यावर आता भावोजींच्या तोंडाकडे बघायचं, असं तिने ठरवलं होतं. पण तिची नजर पडद्यावरच राहिली. तपासणी पुढे चालली होती, आणि खालच्या पट्टीत एकेका फायलीचं नाव सरसर जात होतं. मास्तरीणबाई, कोट, पाठ. खालचा डावा खांदा, कुर्ता. खुर्चीतल्या आजोबांची पँट, मागून उंच. तिची नावं. तिने ठेवलेली, तिच्याशिवाय कुणाला न कळणारी नावं. एकामागून एक, तिचा सगळा संसार त्या पट्टीतून पळत होता.

"हे इथे कसं?" तिच्या तोंडून इतकंच निघालं.

वर्तमानपत्र आता भावोजींच्या मांडीवर होतं. "ते... मी त्या दिवशी काढून घेतलं होतं ना. नंतर विसरलो. सापडलं तेव्हा फार दिवस झाले होते. मग म्हटलं, आता काय."

"आता काय?"

"म्हणजे, द्यायचं तर पेनड्राइव्हचं सगळं सांगावं लागलं असतं."

मावशीने तोंडावर पदर घेतला.  तेवढ्यात दारातून ताईचा आवाज आला, रडवेला, घाईचा.

"मी यांना कितीदा म्हटलं, देऊन टाका तिचं तिला! कितीदा म्हटलं!"

बोलून झाल्यावरच ताईला कळलं की आपण काय बोललो. धाकटीने मान वळवली. भावोजींकडे नाही, ताईकडे. लहानपणी हिने तिला सुईत दोरा ओवायला शिकवलं होतं. हिला सगळं माहीत होतं. मास्तरीणबाईंचं तिने रडत रडत सांगितलं, तेव्हा हिने तिच्या पाठीवरून हात फिरवला होता, आणि तेव्हाही हा तुकडा याच खणात पडलेला होता, चाव्यांखाली.

भावोजींसाठी धाकटीने केवढा राग साठवून ठेवला होता. ताईसाठी तिच्याकडे काहीच तयार नव्हतं.  ती पडद्याकडे वळली आणि तिने बोटं कीबोर्डवर ठेवली.

लाल झालेलं आधी कोंडून टाकलं. स्वच्छ ठरलेल्या आपल्या फायली स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेतल्या, उघडून बघितल्या, पुन्हा बघितल्या. मग ती भावोजींच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये शिरली.

"आता काय करतेयस?" भावोजींनी विचारलं. आवाजात विचारण्याचा हक्क उरला नव्हता.

"तुमच्या सुरक्षेसाठीच आहे. आजपासून या घरात तुम्ही साधे वापरणारे. गाणी ऐका, पत्रं लिहा, पत्ते खेळा. नवं काही टाकायचं, नाहीतर पहारेकऱ्याला झोपवायचं, तर पासवर्ड लागेल. पासवर्ड माझ्याकडे."

"माझ्याच कॉम्प्युटरचा?"

"माझ्याच कामाचे पॅटर्न तुमच्या खणात होते, भावोजी."

"राहू दे तिच्याकडेच," मावशी एकदम म्हणाली, आणि सोफ्यावर जाऊन बसली. आता हे घरोघरी जाणार, हे भावोजींच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. धाकटीने पासवर्ड टाकला, दोनदा, आणि कापड पुन्हा कॉम्प्युटरवर नीट अंथरून ठेवलं. वाकडे टाके वरच्या बाजूला आले.

घरी जाऊन तिने मास्तरीणबाईंच्या कोटाचा जुना पॅटर्न छापला आणि नव्याशेजारी टेबलावर पसरला. पाठीच्या मधल्या रेषेत चूक होती, अगदी थोडी. तेवढ्या थोड्यासाठी ती बाई पुन्हा आली नव्हती. धाकटीने मास्तरीणबाईंना फोन लावला. "तुमचं जुनं माप सापडलंय. कोट शिवते. यायला नको तुम्हाला, फक्त रंग सांगा." "म्हणजे माप द्यायला यायचं नाही?" त्यांनी दोनदा विचारलं. मग मास्तरीणबाई म्हणाल्या, "करडा." त्या आवाजात जे होतं, ते ऐकून धाकटीला भावोजींचा पुन्हा नव्याने राग आला.

ती कॉलर लावत होती तेव्हा फोन वाजला. पडद्यावर ताईचं नाव. तिने टाका पूर्ण केला. फोन थांबला, पुन्हा वाजला. मग तिने उचलला.

"अगं, यांनी नवा प्रिंटर आणलाय. तो बसवायला पासवर्ड मागतोय."

"भावोजींना दे फोन."

"ते नाही घेत. बाल्कनीत जाऊन उभे राहिलेत. म्हणाले, तूच विचार." ताईचा आवाज खाली गेला. "त्या दिवसापासून कुणाशी नीट बोलतच नाहीत."

"मग त्यांना सांग, पासवर्ड मी त्यांनाच सांगेन."

"नाही येत गं ते. सांग ना मला."

धाकटीने सुई कापडात खोचली. हा सापळा तिने भावोजींसाठी लावला होता. रात्री पडल्या पडल्या तिने मनातल्या मनात कितीदा ऐकला होता तो प्रसंग. भावोजी एका बोटाने एकेक अक्षर दाबतायत, तोंडाने पुटपुटतायत. आणि आता फोनवर होती ती ताई.

"बस खुर्चीवर," ती म्हणाली. "इंग्रजी अक्षरांत लिही, आपण मेसेज लिहितो तसं. सगळं सलग, मध्ये जागा सोडू नकोस. मी सांगते तसं मोठ्याने म्हणत लिही, नाहीतर चुकेल."

"हं, सांग."

"चूक."

"चूक," ताई म्हणाली. कीबोर्डच्या कळा वाजल्या.

"माझी."

"माझी..." कळा वाजल्या आणि थांबल्या. फोनमधून ताईचा श्वास तेवढा ऐकू येत होता. धाकटीने घाई केली नाही. हातातल्या कॉलरवर तिने अंगठा घट्ट दाबून धरला.

"होती," ती म्हणाली.

 मग हळूहळू, एकेक अक्षर, कळा वाजायला लागल्या.

"चूक माझी होती," ताई म्हणाली. रडत होती ती. "पुढे?"

"पुढे काही नाही. एवढंच आहे. उघडलं?"

"उघडलं."

"मग बसव प्रिंटर," धाकटी म्हणाली. "पुढच्या वेळी काही टाकायचं असेल, तर त्यांना लिहू दे. पासवर्ड मी बदलणार नाही."

तिने फोन ठेवला आणि कॉलर पुन्हा हातात घेतली. टाका सरळ येईना. तिने तो उसवला.